जास्तीचा हात

आमच्या घरी हातमोज्यांचा जोड तीनचा असतो. आई शिवणकाम करते, आणि कुठलीही वस्तू गरजेपेक्षा एकाने जास्त असल्याशिवाय ती पुरी झाली असं तिला वाटतच नाही. तिसरा मोजा ती कुठल्याही हाताला चालेल असा बेतते. शर्टाच्या आतून एक जास्तीचं बटण सगळेच शिंपी लावतात. आई दोन लावते, कारण जास्तीचंच हरवलं तर? माझा शाळेतला स्कर्ट अजून वीतभर आत दुमडलेला कपाटात पडून आहे. मी आणखी वाढेन ही आशा आईने सोडलेली नाही.

हे आधी सांगून टाकलं, कारण त्या रविवारी मत्स्यालयात जे झालं त्यात दोष कोणाचा यावर घरात अजून वाद चालू आहे, आणि निष्कर्षाआधी पुरावा मांडायची मला सवय आहे.

मी प्राणिशास्त्राची पदवी घेतली आणि या मत्स्यालयात लागले. इमारत एकच, पण संसार दोन. पुढे निसर्गसंग्रहालय: देवमाशाचा सांगाडा, पक्ष्यांची अंडी, भुशाने भरलेलं अस्वल, कीटकांचे खण. मागे मत्स्यालय: एकवीस टाक्या. मला हवं होतं ते काम टाक्यांच्याही मागे होतं. तिथे एक अरुंद वाट आहे. पंप घरघरत असतात, जमीन कायम ओली असते, आणि रबरी बूट घालून, बादली घेऊन तिथे फिरणाऱ्या माणसाला सगळे टाकीकाका म्हणतात. मला टाकीकाकांच्या हाताखाली काम करायचं होतं. पण इथला नियम असा की नव्या माणसाने आधी बारा आठवडे पाहुण्यांना माहिती द्यायची. ते निभावलं तरच मागचं दार उघडतं. आणि माहिती द्यायची ती लहान मुलांना आवडावी म्हणून ऑक्टोपसच्या पोशाखात.

पोशाख माणसाएवढा, जांभळा. पुढच्या दोन हातांत माझे हात, बाकीच्या सहांत कापूस आणि तार. मी बाहेर बघते ती ऑक्टोपसच्या तोंडावरच्या जाळीतून. खरं तर ऑक्टोपसचं तोंड खाली, हातांच्या मधोमध असतं. पण तिथून मला फक्त लोकांचे बूट दिसले असते. एवढी तडजोड मी मान्य केली होती.

आता वहीबद्दल. आमच्या संचालकांना चुकीची पाटी खपत नाही. त्यांनी दरवाज्याजवळ एक जाड वही ठेवली आहे, वर लिहिलंय: 'चूक दाखवा, तिकीट मिळवा.' पाहुण्याने संग्रहालयात कुठलीही चूक शोधून लिहिली, की त्याला पुढच्या भेटीचं तिकीट फुकट. आणि नव्या माणसाच्या नावावर तीन चुका चढल्या, की त्याने आपला डबा उचलून घरी जायचं.

माझ्या नावावर दोन होत्या. पहिली नोंद एका बाबांची: 'पाटीवर देवमासा लिहिलं आहे. ताई म्हणतात तो मासा नाही. दोघांपैकी कोणीतरी चूक आहे.' पाटी संचालकांनी स्वतः लिहिलेली असल्यामुळे चूक माझ्याकडे आली. दुसरी नोंद एका लहान मुलाची. त्याने मागून माझी चेन ओढून उघडली होती. 'ऑक्टोपसच्या आत बाई निघाली. ऑक्टोपसमध्ये बाई नसते.' यात खोडून काढण्यासारखं मला काही सापडलं नाही.

बारावा आठवडा, रविवार, दुपारी तीनची फेरी. ही शेवटची. फेरीत स्वतः संचालक बरोबर चालणार होते आणि पाच वाजता निर्णय देणार होते.

नेमका आदल्या आठवड्यात जुना पोशाख धुलाई यंत्रात उसवला. फक्त डोकं वाचलं. आईने नवा शिवायचं कबूल केलं, आठवडाभर शिवला, आणि रविवारी अडीच वाजता मावशीला बरोबर घेऊन ती पोशाखासकट हजर झाली. दारावरच्या पहारेकऱ्याने तिच्या पर्समधून मोठी कात्री, लहान कात्री, आणि जास्तीची लहान कात्री काढून घेतली. सुई-दोरा तेवढा त्याला दिसला नाही.

"लवकर चढव," आई म्हणाली. "मावशीला डायनासोर बघायचाय."

"मला बसायचंय," मावशी म्हणाली. "डायनासोर असला तर असू दे."

कपडे बदलायच्या खोलीत मी पोशाखात शिरले. आईने चेन लावली, आणि मी काही बोलायच्या आत चेनच्या टोकाला सुईने चार टाके घालून दोरा दाताने तोडला.

"आई, हे काय?"

"आता कोणाचं कार्टं ओढतंय बघू."

"पण मला बाहेर कसं निघता येईल?"

"घरी गेल्यावर उसवू की."

मी दोन पावलं टाकली. माझ्या पाठीवर, उजवीकडे, काहीतरी लटपटत होतं. जुन्या पोशाखात तिथे काही लटपटायचं नाही.

मावशी माझ्याभोवती एक चक्कर मारून आली. मग उलटी चक्कर मारून आली.

"ताई," ती आईला म्हणाली, "याला नऊ आहेत."

"आठ आहेत," आई म्हणाली. "आणि एक जास्तीचा."

मावशीने बोटाने पुन्हा एकदा मोजले.

"जास्तीचा म्हणजे?" मी जाळीतून विचारलं.

"एखादा तुटला तर? मुलं लोंबकळतात, ओढतात. मग त्याच रंगाचं कापड कुठून आणायचं? या जांभळ्यासाठी मी तीन दुकानं पालथी घातली."

"मग सुटा द्यायचा ना! पिशवीत घालून!"

"सुटा ठेवला की हरवतो," आई म्हणाली. "बटण कसं, आतून शिवूनच टाकतो आपण. तसा शिवून टाकला. तिहेरी शिलाई आहे, हलायचा नाही."

ऑक्टोपसच्या बाबतीत लोकांना एकच गोष्ट पाठ असते, आणि ती म्हणजे हातांची संख्या. तीन हृदयं असतात हे कोणाला माहीत नसतं. रक्त निळं असतं हे सांगितलं तर लोक हसतात. पण आठ हात शाळेत न गेलेल्या पोरालाही ठाऊक असतात. आणि मी नऊ घेऊन संचालकांसमोर उभी राहणार होते.

"काप तो," मी म्हणाले.

"कशाने? कात्र्या दारावर."

"जा, घेऊन ये."

"आणि तिहेरी शिलाई पाच मिनिटांत उसवायची? कापूस सगळा खोलीभर होईल. शिवाय तार आहे आत."

बाहेर घंटा वाजली. तीन वाजले होते. मला रडू येत होतं, पण जाळीच्या आत रडलं तर नाक पुसायला हात पोचत नाही, हे मला अनुभवाने माहीत होतं.

तेव्हा मावशीने तो नववा हात पकडला, दोनदा गुंडाळला आणि काखोटीला मारला. वरून तिचा पिवळा स्वेटर ओढून घेतला. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं की एका बाईने जांभळी पर्स काखेत धरली आहे आणि ती एका ऑक्टोपसला जरा जास्तच चिकटून उभी आहे.

"चल," मावशी म्हणाली. "पण पटापट आटप. माझ्या पायात गोळे आलेत."

"आणि आम्ही तुला ओळखत नाही हं," आई म्हणाली. "एकदम परके."

देवमाशाच्या सांगाड्याखाली वीसेक पाहुणे जमले होते. सगळ्यांत पुढे चष्मा लावलेली साताठ वर्षांची एक मुलगी होती. तिच्या हातात पेन्सिल होती, आणि तिचे आजोबा बाकावर बसल्याबसल्या झोपले होते. संचालक वही घेऊन एका बाजूला उभे होते. उंच, बारीक, कोटाची सगळी बटणं लावलेली.

मी बोलायला सुरुवात केली. सांगाड्याची लांबी सांगितली, बरगड्यांची संख्या सांगितली, आणि मासा हा शब्द कटाक्षाने टाळला.

"नीट उभी राहा गं, पोक काढू नकोस!" आई मागून म्हणाली.

संचालक वळले. "आपण ओळखता यांना?"

"छे हो," आई म्हणाली. "मी सगळ्यांनाच सांगते. तुम्ही पण जरा खांदे मागे घ्या. कोट छान बसेल."

संचालकांनी खांदे मागे घेतले. कोट खरंच छान बसला.

पक्ष्यांच्या अंड्यांपाशी पोचलो. मी चालले की मावशी चालायची, मी वळले की मावशी माझ्या मागून अर्धवर्तुळ काढून यायची. अंड्यांच्या आकाराबद्दल माझं बोलणं चालू असताना संचालक बराच वेळ आमच्याकडे बघत होते.

"ऑक्टोपस तुम्हाला सोडतच नाहीये," ते शेवटी मावशीला म्हणाले.

"हो ना," मावशी म्हणाली. "प्राण्यांना माझा लळाच लागतो. शेजारचं मांजरही असंच. दूध त्यांच्याकडे पितं आणि झोपायला आमच्याकडे."

"पण ही आमची कर्मचारी आहे."

"असेल," मावशी म्हणाली. "मांजराला तरी कुठे कळतं कोण काय आहे ते?"

मला हा युक्तिवाद समजला नाही, पण संचालकांनाही समजला नसावा, कारण ते पुढे गेले.

खरी पंचाईत कीटकांच्या दालनात झाली. तिथली वाट दोन खणांच्या मधून जाते आणि माझी रुंदी पोशाखासकट एक मीटर दहा सेंटीमीटर होती. वाट नव्वद सेंटीमीटर. रोज मी तिरकी होऊन जाते. पण तिरकं होताना मागे मावशी असेल हे माझ्या हिशेबात नव्हतं. मी तिरकी झाले, मावशी खणाच्या कडेला अडकली, तिचा स्वेटर वर सरकला, आणि तारेचा हात सुटून सपकन सरळ झाला.

त्याचं टोक संचालकांच्या खांद्यावर टपकन बसलं.

"बोला," संचालक वळून म्हणाले.

तोपर्यंत मावशीने हात ओढून परत काखेत कोंबला होता. संचालकांच्या मागे फक्त आई होती.

"काही नाही," आई म्हणाली. "खांद्यावर धागा होता. काढला."

"किती लक्ष आहे हो तुमचं," संचालक म्हणाले, आणि मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. मग त्यांनी खांदे आणखी मागे घेतले.

मी जाळीतून खाली बघितलं. चष्मेवाली मुलगी हसत नव्हती. तिची मान वाकडी झाली होती आणि ती मावशीच्या काखेकडे बघत होती. तिच्या ओठांची हालचाल मला ओळखता आली. ती मोजत होती.

शेवटचा थांबा म्हणजे ऑक्टोपसची टाकी. टाकी क्रमांक एकवीस. मागच्या भिंतीला पांढऱ्या चौकोनी फरश्या, खाली दगड, आणि एका दगडावर आमचा ऑक्टोपस, हात पोटाखाली घेऊन. काचेशेजारी संचालकांच्या वळणदार अक्षरातली पाटी: 'मोजून पाहा. बरोबर आठ!'

"तर मंडळी," मी म्हणाले, कारण न म्हणून चालणार नव्हतं, "ऑक्टोपसला हात किती?"

"आठ!" सगळे ओरडले.

"नऊ," चष्मेवाली म्हणाली.

तिने पेन्सिल माझ्याकडे रोखली. "पुढे दोन. बाजूला सहा. आणि एक त्या काकूंच्या काखेत आहे. मी किड्यांच्या इथे बघितला. त्याने या काकांना मारलं."

सगळ्या माना मावशीकडे वळल्या.

"ही माझी पर्स आहे," मावशी म्हणाली.

"उघडून दाखवा," चष्मेवाली म्हणाली.

मावशीने आईकडे पाहिलं. आईने छताकडे पाहिलं. मावशीने एक सुस्कारा सोडला, काख उघडली, आणि नववा हात डुलत डुलत सगळ्यांसमोर उभा राहिला. जाता जाता त्याने एका गृहस्थांची टोपीही पाडली.

"आता तरी बसू का मी?" मावशी म्हणाली, आणि चष्मेवालीने आजोबांना जिथे आणून बसवलं होतं आणि जिथे ते पुन्हा झोपले होते, त्या बाकावर जाऊन बसली.

संचालकांनी वही उघडली. त्यांचे खांदे पुन्हा पुढे आले होते. "तिसरी," ते हळूच म्हणाले. त्यांना आनंद झाला नव्हता, एवढं मी नोंदवून ठेवते. "बाळ, लिही. तिकीट मिळेल."

"थांबा," चष्मेवाली म्हणाली. "आधी मी खऱ्याचे मोजते. नाहीतर चूक आहे हे कसं कळणार?"

ती काचेला नाक लावून उभी राहिली. त्या क्षणी ती मला फार आवडली, आणि त्याच क्षणी मला तिला थांबवावंसं वाटलं, कारण ती काय मोजणार हे मला माहीत होतं.

तिला जागा द्यायला मी गर्दीमागे सरकले, आणि ऑक्टोपस नेमका तेव्हाच दगडावरून उतरला आणि सगळे हात पसरून काचेवर चढला.

"सात," ती म्हणाली. "आणि एक छोटुसा."

"आठ," संचालक म्हणाले. "पाटी वाच."

"तुम्ही मोजा."

संचालकांनी मोजले. चष्मा काढून मोजले, लावून मोजले. मग त्यांनी काचेशेजारचं छोटं दार वाजवलं आणि आतून टाकीकाका बादलीसकट बाहेर आले.

"याला सात हात का आहेत?" संचालकांनी विचारलं.

"आला तेव्हाच एक तुटका होता," टाकीकाका म्हणाले. "परत फुटतोय. त्यांचा फुटतो."

"मला कोणी सांगितलं नाही!"

"तुम्ही मागे कधी येता? बूट ओले होतात म्हणता."

"पण पाटीवर आठ लिहिलंय!"

"पाटी त्याने वाचलेली नाही," टाकीकाका म्हणाले.

संचालक पाटीकडे बघत राहिले. 'बरोबर' या शब्दाखाली त्यांनी स्वतः दोन रेघा मारल्या होत्या. एवढ्या वर्षांत वहीत त्यांच्या नावावर एकही नोंद नव्हती.

"मला समजलं," चष्मेवाली एकदम म्हणाली. "या खऱ्याला सात. त्या कापडाच्याला नऊ. सात आणि नऊची सरासरी आठ. मग पाटी बरोबर आहे!"

आजोबांना जाग आली आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. ते पाहून बाकीच्यांनीही वाजवल्या. संचालकांच्या चेहऱ्यावर रंग परत आला.

"सरासरी," ते म्हणाले. "हं. सरासरीने पाहता... एकंदर संग्रहालयाचा विचार केला तर..." आणि त्यांनी वही मिटायला घेतली.

मला गप्प बसायचं होतं. मी खरंच सांगते, बसायचं होतं. वही मिटली असती तर पाच वाजता मागचं दार उघडलं असतं, रबरी बूट मिळाले असते, सगळं झालं असतं. पण पदवीच्या तीन वर्षांत माणसाच्या डोक्याचं काहीतरी होतं आणि मग ते दुरुस्त होत नाही.

"नाही सर," मी म्हणाले. "ही सरासरी धरता येणार नाही. नमुने दोनच आहेत, आणि त्यातला एक कापसाचा आहे."

"गप्प बस गं, मूर्ख!" आई ओरडली.

"आपण ओळखता यांना?" संचालक म्हणाले.

"ओळखते? नऊ महिने पोटात ठेवलंय हिला!" आई म्हणाली. "आणि वर आठ दिवस जास्तीचे!"

बाकावरून मावशीने मान हलवून दुजोरा दिला.

"पोशाख चुकीचा आहे," मी पुढे म्हणाले, कारण आता थांबण्यात काही अर्थ नव्हता. "ती नोंद माझ्या नावावर व्हायला हवी. पाटीही आजच्या घडीला चुकीची आहे. ती नोंद तुमच्या नावावर."

चष्मेवालीने दोन्ही नोंदी लिहिल्या. तिचं अक्षर सुवाच्य होतं. दोन तिकिटं होतील का, असं तिने विचारलं, आणि संचालकांनी मान डोलावली. माझं काम गेलं होतं. तीन नोंदी म्हणजे तीन नोंदी. डबा कपडे बदलायच्या खोलीत होता; तो उचलायचा आणि पोशाखासकट बाहेर पडायचं, एवढंच उरलं होतं, कारण चेनला टाके होते.

"मग हा छोटा हात पूर्ण कधी होणार?" चष्मेवालीने विचारलं. ती पुन्हा काचेशी गेली होती.

संचालकांनी टाकीकाकांकडे पाहिलं.

"होईल तेव्हा होईल," टाकीकाका म्हणाले.

"एकोणतीस दिवसांनी," मी म्हणाले. "चार-पाच दिवस इकडे किंवा तिकडे."

"हे तुम्हाला काय माहीत?" संचालक म्हणाले.

मी सांगितलं. मागच्या भिंतीच्या फरश्या प्रत्येकी दहा सेंटीमीटरच्या आहेत. तो भिंतीला चिकटून पसरला की हात किती फरश्या व्यापतो ते बाहेरूनही मोजता येतं. दुपारी एक वाजता माझी जेवणाची सुट्टी असते. पोशाखाची चेन दुसऱ्या कोणी उघडल्याशिवाय उघडत नाही, आणि त्या वेळी दुसरं कोणी नसतं. म्हणून मी जेवायची नाही आणि मोजायची. अकरा आठवडे, रोज एक माप. पहिल्या आठवड्यात एक सेंटीमीटर, मग वेग वाढला, आता थोडा मंदावतोय. आलेख घरी आहे.

टाकीकाकांनी बादली खाली ठेवली.

"रोज एक वाजता?" त्यांनी विचारलं. "काचेला तोंड लावून?"

"हो."

"हे ध्यान घालून?"

"हो."

"देवा!" टाकीकाका म्हणाले. "अकरा आठवडे मी डोकं फोडतोय. एक वाजला की हा पांढराफटक पडतो आणि भिंतीला चिकटून बसतो. पाणी तपासलं. पंप बदलला. वरचा दिवा बदलला. मला वाटलं, याला घड्याळ कळतं की काय! आणि तू रोज याच्यासमोर तिप्पट मोठा जांभळा ऑक्टोपस होऊन उभी राहत होतीस!"

मला हे सुचलंच नव्हतं. माझ्या सगळ्या मापांमध्ये तो भीतीने ताणलेला होता. म्हणजे प्रत्येक आकड्यात चूक होती, आणि ती चूक मीच होते. लाजेने माझे कान गरम झाले.

"एकोणतीस नाही मग," मी म्हणाले. "मला माहीत नाही. पुन्हा मोजायला लागेल."

"हिला मागे द्या मला," टाकीकाका संचालकांना म्हणाले. "आजपासून. ती मागे असली म्हणजे पुढे नसेल. माझ्या जनावराला दोन घास सुखाने खाऊ देत."

"तिने चाचणी पार केलेली नाही," संचालक म्हणाले. "पाहुण्यांना माहिती देताना तीन..."

"मला पाहुण्यांशी बोलणारं माणूस नकोच आहे. मागे मासे आहेत. ते काही विचारत नाहीत."

संचालक आपल्या पाटीसमोर उभे होते. दोन रेघा मारलेला तो शब्द त्यांना सहन होत नव्हता हे मला मागूनही दिसत होतं.

"आज त्याचा तो हात किती आहे?" त्यांनी विचारलं.

"शेवटच्या मापात सतरा सेंटीमीटर. पण घाबरलेला."

"आणि न घाबरता?"

"ते मागून, जवळून मोजल्याशिवाय सांगता येणार नाही."

"दर रविवारी मोजता येईल?"

"रोज येईल."

"दर रविवारी पुरे," संचालक म्हणाले. "पाटीवर आकडा लागेल. बरोबर आकडा. बदलेल तसा बदलायचा." त्यांनी खिशातून पेन काढलं आणि 'बरोबर आठ' वर काट मारली. "पाहुण्यांना माहिती देण्याच्या कामावरून तुम्हाला काढण्यात येत आहे. मागच्या कामावर बारा आठवडे. तिथेही तीन चुकांचा नियम राहील."

"तिथे चुका मोजणार कोण?" टाकीकाकांनी विचारलं.

"मी येईन," संचालक म्हणाले, आणि आपल्या बुटांकडे दुःखाने बघितलं.

"बूट मी शिवून देते," आई लगेच म्हणाली. "रबरी कापड मिळतं हो. तीन देईन."

कात्र्या दारावरून आल्या, पण आईने माझ्या चेनला कात्री लावू दिली नाही. टाके तिने एकेक करून सुईच्या टोकाने सोडवले, वीसेक पाहुणे गोल करून बघत असताना, आणि प्रत्येक टाक्याला ती त्यांना दाखवत होती की बघा, कापडाला भोक पडलं नाही. ऑक्टोपसच्या आतून बाई निघाली. या वेळी कोणी नोंद केली नाही.

पुढच्या रविवारी सकाळी मी पहिल्यांदा मागच्या वाटेवर उभी राहिले. ओली जमीन, पंपांची घरघर, हातात तीस सेंटीमीटरची प्लास्टिकची पट्टी. टाकीकाकांनी टाकीचं झाकण उचललं. मी बाही वर केली आणि पट्टी पाण्यात धरली, अगदी सावकाश, जनावर दचकू नये अशी.

तो दचकला नाही. तो जवळ आला, पट्टीवरून एक हात फिरवला, मग दुसरा, मग तिसरा, आणि पट्टी घेऊन दगडामागे निघून गेला.

"परत देईल?" मी विचारलं.

"मागच्या वर्षी माझं घड्याळ घेतलंय," टाकीकाका म्हणाले.

दहा वाजता दारं उघडली. चष्मेवाली पहिलं फुकट तिकीट घेऊन पहिल्याच गर्दीत आली, आजोबांना बाकावर बसवलं, आणि पाटीसमोर उभी राहिली. मी छोट्या दारातून पुढे आले होते, आणि संचालक माझ्याकडे बघत होते, पेन उघडून. मी खोटा आकडा देऊ शकत नव्हते, त्यामुळे जे होतं तेच त्यांनी त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं:

'पूर्ण हात: सात. अपुरा हात: एक, माप उपलब्ध नाही. पट्टी: त्याच्याकडे.'

चष्मेवालीने काचेला नाक लावून तिन्ही गोष्टी तपासल्या. तिने पट्टीचं टोक दगडामागे शोधून काढलं, खिशातून पेन्सिल काढली, थोडा वेळ विचार केला, आणि पेन्सिल परत खिशात ठेवली.